एफए कप: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीत तिसरी फेरी आली की आमच्याकडे एफए कपबद्दलचे, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या (एफए) स्पर्धेबद्दलचे, प्रश्न येऊ लागतात आणि मे महिन्यापर्यंत थांबत नाहीत. बरेचसे तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. आधी सोपे प्रश्न, मग किचकट. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडे २०२५ च्या अंतिम सामन्यापर्यंतचे आहेत.

१. प्रीमियर लीग आणि एफए कप यांत फरक काय? संघ तर तेच दिसतात.

प्रीमियर लीग ही साखळी स्पर्धा आहे. वीस संघ एकमेकांशी दोन-दोनदा खेळतात, वर्षभर गुण जमवतात, आणि एखादा सामना हरला तरी भरपाई करता येते. एफए कप बाद पद्धतीचा आहे. हरला तो घरी. संघ तेच दिसतात, कारण आपण स्पर्धा पाहायला लागतो तीच मुळात जानेवारीत. तोवर शेकडो छोटे क्लब खेळून बाद झालेले असतात. काराबाओ कप म्हणतात तो आणखी तिसराच. तो लीग कप १९६०-६१ मध्ये सुरू झाला आणि त्यात फक्त वरच्या चार श्रेणींतले ९२ क्लब असतात.

२. यात कोण खेळू शकतं? आणि फेऱ्या नेमक्या किती?

इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत ठरावीक पातळीपर्यंतचे आणि मैदान, दिवे वगैरे अटी पूर्ण करणारे सगळे क्लब नाव देऊ शकतात. हल्ली दरवर्षी सातशेहून जास्त क्लब असतात. २०११-१२ मध्ये तर ७६३ होते. ऑगस्टमध्ये सर्वांत खालचे संघ सुरुवात करतात. दोन प्राथमिक आणि चार पात्रता फेऱ्या झाल्या की ‘पहिली फेरी’ येते, आणि तिथे लीग वन व लीग टू या तिसऱ्या-चौथ्या श्रेणींचे संघ उतरतात. प्रीमियर लीग आणि तिच्याखालची चॅम्पियनशिप यांचे मिळून ४४ संघ थेट तिसऱ्या फेरीत येतात. खालून आलेले २० संघ धरले की ६४ होतात. म्हणजे अगदी तळाच्या संघाला कप उचलायचा तर १४ सामने जिंकावे लागतात. आर्सेनल किंवा लिव्हरपूलला ६ पुरतात.

सोडतीत मानांकन नसतं, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट. ६४ चेंडू एका भांड्यात टाकतात, आधी निघेल त्याला घरचं मैदान. दोन बलाढ्य संघ तिसऱ्याच फेरीत समोरासमोर येऊ शकतात, आणि अर्धवेळ खेळाडूंच्या गावठाणातल्या मैदानावर टॉटनहॅमची बस येऊन उभी राहू शकते. जानेवारी २०२१ मध्ये आठव्या श्रेणीतल्या मरीन क्लबच्या बाबतीत हेच झालं. सामना ०-५ हरले, पण त्या दिवशी गुणफलकाकडे कोण बघतंय!

३. ही स्पर्धा कोणाच्या डोक्यातून निघाली?

चार्ल्स अल्कॉक यांच्या. ते फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते, वय अवघं २८. हॅरो शाळेत शिकताना त्यांनी वसतिगृहांमधली बाद पद्धतीची स्पर्धा पाहिली होती. २० जुलै १८७१ रोजी लंडनमध्ये ‘द स्पोर्ट्‌समन’ या वृत्तपत्राच्या कचेरीत बैठक भरली, तिथे त्यांनी तीच कल्पना क्लबांसाठी मांडली आणि ती मंजूर झाली. चांदीचा छोटा कप २० पौंडांत बनवून घेतला.

हेच अल्कॉक पुढे सरे काउंटी क्रिकेट क्लबचेही सचिव झाले आणि १८८० मध्ये ओव्हलवर झालेली इंग्लंडमधली पहिली कसोटी त्यांनीच जुळवून आणली. अजित वाडेकरांच्या संघानं १९७१ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडला त्यांच्या भूमीवर पहिल्यांदा हरवलं ते याच ओव्हलवर, आणि एफए कपचे सुरुवातीचे जवळजवळ सगळे अंतिम सामनेही तिथलेच. क्रिकेटचं म्हणून आपण ओळखतो ते मैदान फुटबॉललाही तितकंच जवळचं आहे.

४. पहिली स्पर्धा कशी झाली?

आजच्या नजरेनं पाहिलं तर गमतीशीर. १५ संघांनी नावं दिली आणि त्यातल्या काहींनी खेळायच्या आधीच माघार घेतली. लिंकनशायरच्या डॉनिंग्टन शाळेनं तर नाव देऊन एकही सामना खेळला नाही. पहिले सामने ११ नोव्हेंबर १८७१ ला झाले आणि क्लॅपम रोव्हर्सच्या जार्व्हिस केनरिकनं स्पर्धेतला पहिला गोल केला. ग्लासगोचा क्वीन्स पार्क उपांत्य फेरीत वाँडरर्सशी ०-० बरोबरीत राहिला, पण लंडनला पुन्हा यायचा खर्च झेपेना म्हणून त्यांनी स्पर्धा सोडली. बरोबरी, माघार, पुढे चाल असं करत वाँडरर्स अंतिम फेरीत पोचले तेव्हा त्यांनी प्रत्यक्ष एकच सामना जिंकलेला होता.

अंतिम सामना १६ मार्च १८७२ ला ओव्हलवर झाला. समोर लष्कराचा रॉयल इंजिनिअर्स संघ, प्रेक्षक सुमारे दोन हजार. गोलला वरची दांडी नव्हती, फीत बांधलेली असे, आणि प्रत्येक गोलनंतर संघ बाजू बदलत. इंजिनिअर्सच्या क्रेसवेल यांचं गळ्याजवळचं हाड सुरुवातीलाच मोडलं. बदली खेळाडूची सोय नव्हती, ते तसेच शेवटपर्यंत मैदानात राहिले. वाँडरर्स १-० नं जिंकले. गोल करणाऱ्याचं नाव ‘ए. एच. चेकर’ असं नोंदलं गेलं, पण असा माणूसच नव्हता. हॅरो चेकर्स क्लबचे मॉर्टन बेट्स टोपणनावानं खेळत होते. विजेत्या संघाचे कर्णधार स्वतः अल्कॉक. स्पर्धा काढणाऱ्यानंच ती जिंकली, यावर तेव्हा कोणी आक्षेप घेतल्याचं दिसत नाही.

५. जगातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा हीच ना?

राष्ट्रीय पातळीवरची सर्वांत जुनी, हो. पण शेफील्डमध्ये १८६७ मध्येच युडन कप नावाची स्थानिक स्पर्धा झाली होती. त्यामुळे नुसतं ‘सर्वांत जुनी’ म्हटलं की शेफील्डकर हटकणारच.

६. गतविजेता थेट अंतिम सामन्यात खेळायचा, असं वाचलं. खरं आहे का?

एकदाच, १८७३ मध्ये. स्पर्धेचं पूर्ण नाव ‘चॅलेंज कप’ असं आहे आणि ते तेव्हा शब्दशः घेतलं गेलं. कप ज्याच्याकडे त्यानं बसून राहायचं, बाकीच्यांनी आपसांत लढून आव्हानवीर ठरवायचा. वाँडरर्सनी ऑक्सफर्ड विद्यापीठाला २-० हरवून कप राखला. सामना सकाळी ठेवला होता, कारण दुपारी ऑक्सफर्ड-केंब्रिजची नौकाशर्यत होती आणि प्रेक्षकांना तीही चुकवायची नव्हती. पुढच्या वर्षापासून ही सवलत बंद झाली.

७. विजेत्यांच्या जुन्या यादीत विद्यापीठ, लष्कर, ‘ओल्ड’ अमुकतमुक अशी नावं आहेत. ते संघ नंतर गेले कुठे?

या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा पालट इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिली अकरा वर्षं कप एका ठरावीक वर्गाकडेच फिरत होता. बड्या निवासी शाळांतून बाहेर पडलेले, वडिलोपार्जित उत्पन्न असलेले तरुण खेळत आणि कामावर खाडा पडण्याची चिंता त्यांच्यापैकी कोणालाच नव्हती. लॉर्ड किनेर्ड हा त्यांचा नमुना. लाल दाढी, पांढरी लांब विजार, अंगावर धावून जाणारा खेळ. ते नऊ अंतिम सामने खेळले, पाच जिंकले, आणि १८८२ मध्ये ओल्ड इटोनियन्स (ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ) जिंकल्यावर म्हणे पॅव्हिलियनसमोर डोक्यावर उभे राहिले.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्याच ओल्ड इटोनियन्ससमोर ब्लॅकबर्न ऑलिम्पिक आले. हे लँकेशायरच्या गिरणगावातले लोक: विणकर, सूतकताई कामगार, प्लंबर, लोखंडाच्या कारखान्यातले मजूर. प्रशिक्षक जॅक हंटर यांनी सामन्याआधी संघाला ब्लॅकपूलला नेऊन सराव करून घेतला. खेळासाठी असा मुद्दाम सराव करणं तेव्हाच्या सभ्य गृहस्थांना जरा कमीपणाचं वाटे. जादा वेळेत जिमी कॉस्टली या गिरणी कामगारानं गोल केला आणि ऑलिम्पिक २-१ नं जिंकले. त्यानंतर ‘ओल्ड बॉइज’ संघांना कप पुन्हा मिळाला नाही. दक्षिणेकडे कप परत यायलाही १९०१ उजाडलं (प्रश्न ११).

लगोलग पैशांचा वाद पेटला. खेळाडूंना पैसे देण्यावरून १८८४ मध्ये प्रेस्टनला स्पर्धेबाहेर काढलं, उत्तरेकडचे क्लब वेगळं होण्याची भाषा बोलू लागले, आणि जुलै १८८५ मध्ये असोसिएशननं व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. ब्लॅकबर्न ऑलिम्पिकला मात्र त्याचा लाभ झाला नाही. गावातल्याच श्रीमंत ब्लॅकबर्न रोव्हर्सनी १८८४, ८५ आणि ८६ असा सलग तीनदा कप नेला आणि ऑलिम्पिक क्लब १८८९ मध्ये बंद पडला. वाँडरर्सचं तर स्वतःचं मैदानही नव्हतं. त्यांचे खेळाडू आपापल्या शाळांच्या संघांकडे गेले आणि संघ विरून गेला.

८. स्पर्धा इंग्लंडची, मग वेल्स आणि स्कॉटलंडचे संघ कसे?

क्वीन्स पार्क १८८४ आणि १८८५ मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचला होता. १८८७ मध्ये स्कॉटिश असोसिएशननं आपल्या क्लबांना मनाई केली आणि तो विषय संपला. वेल्सचे काही क्लब मात्र इंग्लिश लीगमध्ये खेळतात, म्हणून कपातही असतात. त्यांच्यापैकी कार्डिफ सिटीनं १९२७ मध्ये आर्सेनलला १-० हरवलं. कप इंग्लंडबाहेर गेला तो तेवढ्याच वेळी. तो गोल आर्सेनलचा गोलरक्षक डॅन लुईस याच्या हातून निसटून झाला. तो स्वतः वेल्सचा, त्यामुळे बिचाऱ्यावर नको ते संशयही घेतले गेले. हाच अंतिम सामना रेडिओवरून प्रथम ऐकवला गेला आणि सामन्याआधी ‘अबाइड विथ मी’ ही प्रार्थना म्हणायची प्रथाही तिथूनच सुरू झाली.

९. वेम्बलीवरच्या पांढऱ्या घोड्याची गोष्ट काय आहे?

२८ एप्रिल १९२३. वेम्बली नवंकोरं, बोल्टन विरुद्ध वेस्ट हॅम, आणि आगाऊ तिकिटांची सक्ती नाही. मैदान मोठं आहे, सगळे मावतील, असा आयोजकांचा हिशोब. अधिकृत आकडा १,२६,०४७ आहे. प्रत्यक्षात दोन लाखांहून जास्त लोक आत घुसले असावेत असा अंदाज सांगतात. दारं बंद केल्यावर लोक भिंतींवरून चढले आणि गर्दी थेट खेळपट्टीवर सांडली. जॉर्ज स्कोरी हा पोलीस शिपाई ‘बिली’ घोड्यावर बसून लोकांना हळूहळू मागे सारत राहिला. पोलीस आणखीही होते, पण छायाचित्रांत तोच उठून दिसला. घोडा खरं तर करड्या रंगाचा होता, कृष्णधवल फितीत पांढरा दिसला इतकंच.

सामना सुमारे पाऊण तास उशिरा सुरू झाला. प्रेक्षक अगदी रेषेला लागून उभे होते. दुसऱ्याच मिनिटाला डेव्हिड जॅकनं गोल केला आणि बोल्टन २-० नं जिंकले. पुढच्या वर्षापासून अंतिम सामन्याला तिकीट आधी काढणं सक्तीचं झालं.

त्या दिवशी सगळे वाचले, पण गर्दीचा धडा कोणी पुरता घेतला नाही. ९ मार्च १९४६ रोजी बोल्टनच्याच बर्नडेन पार्कवर स्टोकविरुद्धच्या कपसामन्यात चेंगराचेंगरी होऊन ३३ जणांचा जीव गेला. पांढऱ्या घोड्याची गोष्ट कौतुकानं सांगताना ही दुसरी सहसा कोणी सांगत नाही.

१०. कप चोरीला गेला होता म्हणे. मग आज देतात तो कोणता?

पहिला कप ११ सप्टेंबर १८९५ च्या रात्री गेला. ॲस्टन व्हिलानं तो जिंकून बर्मिंगहॅममधल्या विल्यम शिलकॉक यांच्या दुकानात, काचेआड, लोकांना पाहायला ठेवला होता. चोर सापडला नाही. व्हिलाला २५ पौंड दंड झाला. १९५८ मध्ये ऐंशीच्या घरातल्या एका म्हाताऱ्यानं वृत्तपत्राला सांगितलं की आपणच तो वितळवून खोटी नाणी पाडली. कबुली कितपत खरी, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

दुसरा कप पहिल्यासारखाच घडवला. त्याच्या नक्षीची परस्पर नक्कल होतेय असं लक्षात आल्यावर असोसिएशननं तो लॉर्ड किनेर्ड यांना भेट दिला आणि १९११ मध्ये नवा घाट निवडला. तो बनवला ब्रॅडफर्डच्या फॅटोरिनी पेढीनं, आणि पहिल्याच वर्षी जिंकला ब्रॅडफर्ड सिटीनं! हा योगायोग रचून सांगितला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता. आज देतात तो कप याच घाटाची नवी प्रत आहे. किनेर्डांकडचा दुसरा कप २०२० मध्ये लिलावात ७,६०,००० पौंडांना गेला.

११. लीगबाहेरच्या संघानं कधी कप जिंकलाय?

१८८८ मध्ये फुटबॉल लीग (वरच्या श्रेणींची देशपातळीवरची साखळी) सुरू झाल्यानंतर एकाच संघानं, तो म्हणजे १९०१ चा टॉटनहॅम. ते तेव्हा सदर्न लीगमध्ये होते. क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर लाखाहून जास्त लोकांसमोर शेफील्ड युनायटेडशी बरोबरी झाली आणि बोल्टनच्या फेरसामन्यात ३-१ असा विजय मिळाला. कपाला रंगीत फिती बांधायची पद्धत याच विजयापासून आली. दुसऱ्या श्रेणीतून जिंकणारा शेवटचा संघ १९८० चा वेस्ट हॅम. ट्रेव्हर ब्रूकिंगनं आर्सेनलविरुद्ध हेडरवर गोल केला होता.

१२. सर्वांत मोठा धक्कादायक निकाल कोणता?

यावर एकमत होणं नाही. वॉल्सॉलनं १९३३ मध्ये आर्सेनलला हरवलं, येओव्हिलनं १९४९ मध्ये संडरलँडला, सटन युनायटेडनं १९८९ मध्ये कॉव्हेंट्रीला. अंतिम सामन्यांत १९७३ चा संडरलँड (लीड्सवर १-०) आणि १९८८ चा विम्बल्डन आहेच. विम्बल्डनच्या डेव्ह बेझंटनं लिव्हरपूलची पेनल्टी अडवली. कपच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर असं आधी झालं नव्हतं. विगन तर २०१३ मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून कप जिंकला आणि त्याच आठवड्यात प्रीमियर लीगमधून खाली घसरला.

माझं मत विचाराल तर हेरफर्ड. ५ फेब्रुवारी १९७२, लीगबाहेरचा हेरफर्ड विरुद्ध पहिल्या श्रेणीतला न्यूकॅसल, मैदान म्हणजे निव्वळ चिखल. शेवटच्या मिनिटांत न्यूकॅसल १-० नं पुढे. आणि पेशानं सुतार असलेल्या रॉनी रॅडफर्डनं लांबून असा फटका मारला की चेंडू वरच्या कोपऱ्यात. पोरंटोरं मैदानात धावली. जादा वेळेत रिकी जॉर्जनं दुसरा गोल केला आणि न्यूकॅसल बाहेर. लक्षात घ्या, हा फेरसामना होता. पहिली लढत न्यूकॅसलच्या मैदानावर २-२ सुटली होती. हे पुढच्या उत्तरासाठी महत्त्वाचं आहे.

१३. बरोबरी झाली तर फेरसामना होतो की पेनल्टी?

२०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासून पुढे फेरसामने नाहीत; त्याच दिवशी जादा वेळ आणि मग पेनल्टी. त्याआधीचा प्रवास असा. १९९१ पर्यंत निकाल लागेस्तोवर खेळत राहायचं. १९७१ मध्ये अल्वचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी सहा सामने, एकूण अकरा तास खेळले तेव्हा १-० असा निकाल लागला. १९९१-९२ पासून एकच फेरसामना आणि मग पेनल्टी. अंतिम सामन्याचा शेवटचा फेरसामना १९९३ चा (आर्सेनल वि. शेफील्ड वेन्सडे), उपांत्य फेरीचा १९९९ चा, ज्यात मँचेस्टर युनायटेडच्या रायन गिग्जनं अर्ध्या मैदानावरून धावत जाऊन आर्सेनलला बाद केलं. अंतिम सामना पेनल्टीवर प्रथम सुटला २००५ मध्ये.

मोठ्या क्लबांचं युरोपमधलं वेळापत्रक फुगलं, म्हणून फेरसामने गेले. थकव्याचं कारण खोटं नाही. पण किंमत छोट्यांनी मोजली. एक्झिटर सिटी २००५ मध्ये कर्जात बुडालेला क्लब होता. ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांनी मँचेस्टर युनायटेडला ०-० रोखलं आणि दोन सामन्यांच्या तिकीटविक्रीतल्या वाट्यानं क्लबला श्वास मिळाला. आता तशी बरोबरी साधली तर हाती पेनल्टी येतात, घरचा सामना येत नाही. हेरफर्डची दुपारही आजच्या नियमांत घडली नसती.

१४. बर्ट ट्राउटमन मोडक्या मानेनं खेळले, ही दंतकथा आहे का?

नाही, खरंच. १९५६ चा अंतिम सामना, मँचेस्टर सिटी विरुद्ध बर्मिंगहॅम. सिटीचे गोलरक्षक ट्राउटमन हे जर्मन, युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आलेले आणि तिथेच राहिलेले. शेवटची सतरा-एक मिनिटं उरली असताना धडक बसली. मान धरून ते खेळत राहिले आणि आणखी फटके अडवले. सिटी ३-१ नं जिंकलं. मानेचं हाड मोडल्याचं काही दिवसांनी एक्स-रेमध्ये दिसलं.

१९५३ च्या ‘मॅथ्यूज फायनल’बद्दल मात्र थोडी दुरुस्ती हवी. ३८ वर्षांच्या स्टॅनली मॅथ्यूजनं उजवीकडून बोल्टनला नाचवलं हे खरं, पण १-३ वरून ४-३ जिंकणाऱ्या ब्लॅकपूलचे तीन गोल स्टॅन मॉर्टेन्सनचे होते. हॅटट्रिक एकाची, नाव दुसऱ्याचं.

१५. सर्वांत जास्त वेळा कोण जिंकलं?

आर्सेनल १४, मँचेस्टर युनायटेड १३. खेळाडूंत ॲशली कोल ७ (तीन आर्सेनलकडून, चार चेल्सीकडून), व्यवस्थापकांत आर्सेन वेंगर ७. सर्वांत मोठा विजय अजूनही प्रेस्टनचा: १८८७ मध्ये हाइडवर २६-०.

१६. महिलांचा एफए कप इतक्या उशिरा का सुरू झाला?

कारण असोसिएशननंच वाट अडवली होती. १९२० च्या डिसेंबरात गुडिसन पार्कवर महिलांच्या सामन्याला ५०,००० हून जास्त लोक आले आणि वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, संलग्न मैदानं महिलांना बंद झाली. बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. महिलांची स्पर्धा १९७०-७१ मध्ये सुरू झाली आणि पहिला कप साउदॅम्प्टननं नेला.

१७. भारताशी याचा काही संबंध?

थेट नाही, पण लष्कराच्या वाटेनं आहे. १८७३ च्या विजेत्या वाँडरर्स संघातले विल्यम केनियन-स्लेनी हे राजकोटचा जन्म असलेले. इंग्लंडचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल त्यांच्याच नावावर आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धांची गोडी ब्रिटिश पलटणींबरोबर इकडे आली: १८८८ मध्ये शिमल्याजवळ डगशाईला ड्युरँड कप, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स कप. कूपरेजवरच्या रोव्हर्स कपच्या आठवणी सांगणारे जुने मुंबईकर अजून भेटतात. ती स्पर्धा या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली.

१८. कप जिंकला की युरोपात जागा पक्की ना? मग क्रिस्टल पॅलेसचं काय झालं?

विजेत्याला युरोपा लीगची जागा मिळते. तो चॅम्पियन्स लीगसाठी आधीच पात्र असेल तर ती जागा लीगच्या क्रमवारीतून भरतात. उपविजेत्याला पूर्वी मिळायची, आता नाही. पॅलेसनं २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीला १-० हरवून पहिला मोठा करंडक जिंकला. पण त्यांच्या मालकांपैकी एकाचा फ्रान्सच्या लिऑन क्लबमध्येही वाटा होता आणि एकाच मालकीचे दोन क्लब एका युरोपीय स्पर्धेत चालत नाहीत. युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था यूएफानं पॅलेसला त्याखालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं आणि क्रीडा लवादातही तोच निर्णय टिकला.

१९. गतविजेता खेळलाच नाही, असं कधी झालंय?

१९९९-२००० मध्ये. मँचेस्टर युनायटेड ब्राझीलमधल्या क्लब विश्वस्पर्धेला गेलं आणि कपात उतरलंच नाही. एक जागा मोकळी राहिली, म्हणून दुसऱ्या फेरीत हरलेल्यांतून चिठ्ठी काढून डार्लिंग्टनला आत घेतलं. ते ॲस्टन व्हिलाकडून पुन्हा हरले. एका मोसमात कपातून दोनदा बाद!

महायुद्धांमुळे १९१५ ते १९१९ आणि १९३९ ते १९४५ या काळात स्पर्धाच झाली नाही. त्यामुळे १९३९ मध्ये जिंकलेल्या पोर्ट्समथकडे कप सात वर्षं राहिला.

२०. निकाल लागल्यानंतर सामना रद्द करून पुन्हा खेळवलाय का?

हो, आणि तोही जिंकलेल्या संघाच्या मागणीवरून. १३ फेब्रुवारी १९९९, पाचवी फेरी, आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड. खेळाडू जखमी झाला म्हणून शेफील्डच्या गोलरक्षकानं चेंडू मुद्दाम बाहेर मारला. अशा वेळी चेंडू परत द्यायचा हा नियम नाही, रिवाज आहे. आर्सेनलच्या रे पार्लरनं तो परतच फेकला होता, पण संघाकडून पहिलाच सामना खेळणाऱ्या कानू या खेळाडूनं मध्येच पकडून पास दिला आणि ओव्हरमार्सनं गोल केला. २-१. नियमानं गोल वैध होता, पंचांच्या हातात काही नव्हतं. सामना संपताच वेंगर यांनी पुन्हा खेळायची तयारी दाखवली आणि असोसिएशननं मान्य केलं. दहा दिवसांनी त्याच मैदानावर सामना झाला आणि आर्सेनल पुन्हा २-१ नंच जिंकलं.